बर्फाखालचे गड्डे

परवा वळवाचा पहिला पाऊस पडून गेला आणि चार दिवसांत आमच्या परसातल्या मे फ्लॉवरनं डोकं वर काढलं. पान नाही, फांदी नाही, नुसता जाड देठ आणि त्याच्या टोकाला लाल चेंडू. बेळगावात ज्यांच्या घरापुढं हातभर माती आहे त्यांच्याकडं हा गड्डा असतोच. शेजारच्या सूनबाईंनी विचारलं, ‘‘काकू, इतके महिने हा कुठं होता हो?’’ मी म्हटलं, ‘‘खालीच होता.’’ आणि मला मिनिआपोलिसची ती भिंत आठवली. तिची हकीगत लिहायची बरेच दिवस मनात होतं. आज लिहितेच.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेत गेले. आपल्याकडच्या आयांचा हा आता नेमच झाला आहे. सहा महिने राहायची परवानगी मिळते, म्हणून आधी मुलीची आई जाते, ती परतायच्या बेतात असताना मुलाची आई येते. पहारा बदलावा तसं. आमच्यात ठरलं होतं की ऑक्टोबर ते मार्च मी, आणि मार्चअखेर धारवाडच्या विहीणबाई. आमचे जावई कानडी, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

मी पोचले तेव्हा लेकीला आठवा संपत आला होता आणि तिला वाकवत नव्हतं. दारात खोकं पडलेलं. त्यात जाळीच्या पिशव्या आणि पिशव्यांत गड्डे. काही लसणाच्या पाकळीएवढे, काही चांगले कांद्याएवढे. ‘‘आई, जमीन गोठायच्या आत हे लावायला हवेत. एवढं करशील?’’ मी आपली पिशव्या उचलून स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीशेजारी ठेवल्या. ती जी ओरडली! डॅफोडिलचा गड्डा दिसायला थेट कांदा, पण विषारी. चुकून फोडणीत पडला तर घरभर ओकाऱ्या. आमच्या भागात कांद्याला उळ्ळागड्डी म्हणतात आणि आपण कांद्याचा गड्डा म्हणतो, तेव्हा माझी चूक दोन्ही भाषांतून क्षम्य होती, पण लेक ऐकायला तयार नव्हती.

ट्यूलिपचा एक गड्डा दबलेला होता. तो टाकायच्या आधी मी सहज सुरीनं उभा चिरला. आत कांद्यासारखेच पापुद्रे, आणि अगदी मधोमध, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, एक फूल. पाकळ्या, आतले केसर, सगळं फिकट हिरवट-पांढरं, पण घडलेलं. मला वाटत होतं की गड्डा लावायचा, मग त्याला कोंब येणार, मग कळी धरणार. तसं नव्हे. या गड्ड्यांत पुढच्या वसंतातलं फूल आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेलं असतं. मग ते वर का येत नाही? तर त्याला थंडी लागते. साधी गुलाबी थंडी नव्हे. ट्यूलिपला बारा ते सोळा आठवडे सलग, आठ-नऊ अंशांच्या खालची थंडी मिळावी लागते. त्या थंडीत आतल्या पिठाची साखर होते, देठाला लांब होण्याची ताकद येते. थंडी मिळाली नाही तर पानं येतात आणि फूल तिथंच खुरटून जातं. हौसेनं हे गड्डे आपल्याकडं लावून नुसती पानं बघणाऱ्यांची फसगत होते ती यामुळं. आमच्या मे फ्लॉवरचं उलटं. तो उन्हाळ्याच्या कोरडीत झोपतो आणि पाण्याच्या वासानं उठतो.

तेव्हा त्या ऑक्टोबरात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी परक्या देशात गुडघे टेकून खड्डे खणले. लेक खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. गड्ड्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर, मुळाची बाजू खाली. पंचवीस स्नोड्रॉप दक्षिणेच्या भिंतीला लागून चार-चार बोटं खोल. हिवाळ्यातलं ऊन तिरपं येतं ते त्याच भिंतीवर पडतं, शिवाय आत घर तापवलेलं, त्यामुळं तिथला बर्फ आधी वितळतो. त्यांच्यापुढं स्किलाचे पन्नास बारके गड्डे. क्रोकस कुंपणाकडं. डॅफोडिल आणि ट्यूलिप मागं, जवळजवळ वीतभर खोल. दुसऱ्याच दिवशी खारीनं चार ट्यूलिप उकरून नेले. तिथली खार आपल्या खारीच्या चौपट, आणि निर्लज्ज! मग जावयांनी वरून तारेची जाळी अंथरली. डॅफोडिलला मात्र कुणी तोंड लावलं नाही. विषाचाही उपयोग असतो म्हणायचा.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातू झाला आणि मग मला गड्डे आठवायलाही सवड राहिली नाही. डिंकाचे लाडू, शेक, रात्रीची जागरणं. खिडकीबाहेर बर्फ पडत होता तो पडतच होता. त्या हिवाळ्यात मिनिआपोलिसला एकूण सुमारे नव्वद इंच बर्फ झाला, म्हणजे साडेसात फूट. तिथल्या नोंदींत तो तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा. तिथली जमीन इतकी खोल गोठते की घराचा पाया किमान साडेतीन फूट खाली घ्यावा लागतो. मला वाटायचं, गेले आपले गड्डे, दगड झाले असतील. जावई म्हणाले, नाही, उलट बर्फाची गोधडी आहे म्हणून बरं. वर उणे पंचवीस असलं तरी बर्फाखालच्या मातीला तेवढा कडाका पोचत नाही. गड्डे मरतात ते बर्फ नसताना, जमीन एक दिवस गोठून दुसऱ्या दिवशी सुटते तेव्हा. ती त्यांना उचकटून वर फेकते.

आता जरा अवघड गोष्टीकडं येते.

चार वर्षांपूर्वी साखरपुड्यात, माझ्या पाठीमागं बसून विहीणबाई आपल्या जाऊबाईंना कानडीत म्हणाल्या होत्या की या बाईंची ‘बाय भाळ जोर ऐती’. म्हणजे तोंड फार चालतं. त्यांना वाटलं, मराठी बाई, हिला काय कळतंय. अहो, मी शहापुरात वाढलेली! दूधवाला, भाजीवाली, बस कंडक्टर, सगळे कानडी. मला शिव्यासुद्धा कळतात. मी काही बोलले नाही, पण ते वाक्य मी जपून ठेवलं. त्यानंतर सणावाराला फोन, तब्येतीची चौकशी, ‘जेवण झालं का’, ‘ऊटा आत?’, एवढंच. त्या कानडीत बोलायच्या, मी मराठीत उत्तर द्यायची. दोघींनाही सगळं कळायचं, आणि दोघीही मोजूनमापून बोलायच्या.

आणि आता मध्ये नातू. पाच महिने मी त्याच्याशी मराठीखेरीज शब्द बोलले नाही. लेकीलाही बजावलं होतं, की घरात तू तरी मराठी सोडू नकोस, बाहेर इंग्रजी आहेच, बापाची कानडी आहेच, आपलं कोण बोलणार? ती एकदा चिडून म्हणाली, ‘‘आई, तो अजून मान धरायला शिकतोय.’’ पण मला आतून भीती होती. पाचव्या महिन्यापासून अकराव्या महिन्यापर्यंत त्याच्या कानात आता विहीणबाईंचा आवाज पडणार. मूल ऐकून ऐकून बोलायला लागतं ते याच दिवसांत. सीमाभागात पाट्यांवरून, शाळांवरून, कागदपत्रांवरून आपण जे आयुष्यभर बघितलं, ते मी सातासमुद्रापार एका पाळण्याशी घेऊन बसले होते. लाज वाटते लिहायला, पण खरं ते खरं.

२० मार्चला विहीणबाई आल्या. दोनच दिवसांनी गुढीपाडवा, त्यांचा उगादी. बाहेर घोटाभर बर्फ. कडुलिंबाचं पान कुठून आणणार? त्यांनी मेथीचे दाणे भिजवून गुळात कालवले आणि सगळ्यांच्या हातावर ठेवले. कडूपणा पुरेसा होता. मी श्रीखंड केलं, त्यांनी होळगी केली, म्हणजे आपली पुरणपोळीच. सगळं गोड झालं, पण स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकमेकींना वाट देत हिंडत होतो, पाहुण्यांसारख्या.

भिंतीकडं आधी त्यांचंच लक्ष गेलं. धारवाडला त्यांची मोठी बाग आहे, हळद, आलं, निशिगंध, ग्लॅडिओलस, सगळे जमिनीखालचेच प्रकार. सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभ्या होत्या. दक्षिणेच्या भिंतीला लागून हातभर रुंदीची माती उघडी पडली होती. एकदम म्हणाल्या, ‘‘नोड्री अक्कार, येनो बंत!’’ बघा, काहीतरी आलंय! मी धावले. काळ्या, चिखल झालेल्या मातीतून तीन हिरवी टोकं. पुढचे चारपाच दिवस आम्हा दोघींचा तोच उद्योग. अंगात कोट, पायात जावयांचे बूट, आणि आळीपाळीनं बाहेर जाऊन वाकून बघायचं. स्नोड्रॉपच्या पानाचं टोक कठीण असतं, गोठलेली माती ते टोचून वर येतं. एका सकाळी तिन्ही रोपं उकडलेल्या मेथीच्या भाजीसारखी मातीवर लोळलेली दिसली. माझा जीव हळहळला. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘सावकाश. दुपारी बघू.’’ सावकाश हा शब्द दोन्हीकडं आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. दुपारी ऊन आलं आणि तिन्ही ताठ उभी! कडाका पडला की ती तशीच लवतात, ऊब लागली की उठतात.

३० मार्चला पहिलं फूल उमललं. इंचभर पांढरी घंटा, मान खाली. बाहेरच्या तीन पाकळ्या लांब, आतल्या तीन आखूड, त्यांवर हिरवा ठिपका. ते बघायला गुडघ्यावर बसून हनुवटी मातीला टेकवावी लागते. मान खाली म्हणून पावसाबर्फात आतले पराग कोरडे राहतात. एवढ्याशा जिवातून गॅलँटामाइन नावाचं औषध पहिल्यांदा वेगळं केलं गेलं, ते आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात, हे जावयांनी सांगितलं. विहीणबाई नुसतं ‘‘हं’’ म्हणाल्या. त्यांच्या आई शेवटची काही वर्षं कुणालाच ओळखत नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

पंचवीसांतली तीनच आली, हेही सांगून ठेवते. स्नोड्रॉपचा गड्डा फार लवकर वाळतो, दुकानात पडून राहिलेला पुष्कळदा उगवतच नाही. ज्यांना तिकडं बाग करायची आहे त्यांनी मिळाल्या मिळाल्या लावावेत.

माझं विमान सोमवारी, ३ एप्रिलला. शुक्रवारी, ३१ तारखेला पाऊस सुरू झाला, रात्री त्याचा बर्फ झाला, विजाही कडाडल्या. बर्फ पडताना विजा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. सकाळी उठले तर वीतभर बर्फ, जड, ओला, फांद्या मोडणारा. भिंत आणि अंगण एकसारखं पांढरं. फुलं कुठं होती तेही कळेना. मी मुकाट्यानं सामान भरायला लागले. पाच महिने वाट बघून दोन दिवसांचं दर्शन, एवढंच आपलं नशीब.

थोड्या वेळानं बघते तर विहीणबाई कोट घालून, हातात वरणाचा डाव घेऊन दारात उभ्या. ‘‘बर्री,’’ म्हणाल्या. या. मी भाताचा डाव घेतला. फावडं वापरलं असतं तर फुलांची मान मोडली असती. भिंतीपासून तिसरी वीट आणि पाण्याचा पाइप, एवढी खूण आमच्या लक्षात होती. दोन म्हाताऱ्या पृथ्वीच्या त्या टोकाला बसून डावानं बर्फ उपसतायत, हे पलीकडच्या घरातला माणूस खिडकीतून बघत होता. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

उपसता उपसता, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, आणि मराठीत म्हणाल्या, ‘‘साखरपुड्यात मी बोललेलं तुम्हांला समजलं होतं, नव्हं?’’

मी डाव थांबवला. ‘‘समजलं होतं.’’

‘‘माझं आजोळ निपाणीचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही तुमच्या बहिणीला म्हणाला होता, माणसं बरी आहेत पण हात आखडता दिसतो.’’

अगं बाई! मी तसं म्हणाले होते. साड्यांवरून म्हणाले होते. आणि ते मी पार विसरले होते, त्यांचं मात्र ध्यानात ठेवलं होतं. थंडीत माझे कान गरम झाले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, ‘‘साड्या चांगल्या होत्या हो. इरकल मी अजून नेसते.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि बाय जोर ऐती हे खरंच आहे.’’ आणि हसल्या. मीही हसले. तेवढ्यात डावाखाली हिरवं दिसलं. देठ बर्फानं आडवा केलेला, पण घंटा शाबूत. पाकळी जरासुद्धा काळवंडलेली नाही. आम्ही भोवतीचा बर्फ हातानं मोकळा केला. अकराच्या उन्हात ती उभी राहिली.

आत जाताना मी त्यांना सांगून टाकलं, माझ्या मनात नातवाविषयी काय आहे ते. वाटलं होतं, रागावतील. त्या बराच वेळ बूट काढत बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘मला अंगाई मराठीतली येते, आजीची. पण मी कानडीतच म्हणणार. जो-जो तर दोन्हीकडं आहे.’’ यात मला जे हवं होतं ते काही मिळालं नाही. पण त्यांनी मला खोटं आश्वासन दिलं नाही, हे बरं वाटलं.

येताना दोन गड्डे पिशवीत घालून आणायचा मोह झाला होता. परवाना आणि तपासणीचा दाखला असल्याशिवाय असे गड्डे देशात आणता येत नाहीत, आणि आणले तरी बेळगावात थंडी कुठली. मी रिकाम्या हातानं आले.

पुढचा वसंत मी फोनवर बघितला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिथं पारा एकदम तीस अंशांवर गेला आणि सगळं घाईनं बाहेर पडलं. मग पुन्हा बर्फ पडला. तिथल्या वसंताचं असंच, उंबऱ्यावर येतो आणि मागं फिरतो. क्रोकस हा केशराचा भाऊ. मात्र पांपोरचं केशर शरदात फुलतं आणि हा वसंतात. ऊन असेल तेव्हाच उघडतो, ढग आला की छत्रीसारखा मिटतो. पण आमचे क्रोकस सशानं देठापासून कुरतडले. स्किला मात्र अख्खी फुलली, निळीशार. तिचे परागसुद्धा निळे. विहीणबाईंनी फोन अगदी जवळ धरून मला मधमाशी दाखवली, तिच्या पायांवर निळ्या गोळ्या. मांडीवर नातू. त्याला म्हणत होत्या, ‘‘हूव नोड, हूव.’’ मग फोनकडं बघून जराशा थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘‘फूल. आजीचं फूल.’’ बाळ फोनचं टोक तोंडात घालत होतं.

मे महिन्यात फुलं संपली. पानं लोळायला लागली आणि जावयांना गवत कापायचं यंत्र फिरवायचं होतं. मी इकडून ओरडून सांगितलं, पानं पिवळी होऊन आपली आपण वाळेपर्यंत कापायची नाहीत, पुढच्या वर्षीचं फूल तीच पानं भरतात. त्यांना ते पटेना, अंगण वाईट दिसतं म्हणाले. शेवटी विहीणबाईंनी वाफ्यासमोर खुर्ची टाकली आणि नातवाला घेऊन तिथंच बसायला लागल्या. यंत्र पुढं जाऊच शकलं नाही.

सप्टेंबरमध्ये त्या परतल्या. निघण्याआधी दुकानातून आणखी गड्डे आणून त्यांनी लावले होते, पण कुठं लावले ते कुणालाच सांगितलं नाही. लेकीला नाही आणि मलाही नाही. विचारलं की म्हणायच्या, ‘‘बरलि, नोडोणु.’’ येऊ देत, बघू. पुढचा, २०२३-२४चा हिवाळा तिथला नोंदींतला सगळ्यात उबदार निघाला, बर्फ नावालाच. मार्चच्या आरंभीच लेकीनं फोटो पाठवला. पुढच्या अंगणात, टपालपेटीच्या खांबाभोवती पिवळे क्रोकस, गोल कडं करून लावलेले. त्यातली निम्मी अर्धवट खाल्लेली.

क्रोकस ससा खातो, डॅफोडिल लावा, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. ऐकतील तर ना!